आधी आपलं बघा म्हणे!

आपल्याकडे एखाद्याचं तोंड बंद करायचं असलं की फार हुशारी लागत नाही. तीन शब्द पुरतात. आधी आपलं बघा. म्हणणाऱ्याला काही वाचावं लागत नाही, माहिती काढावी लागत नाही, आणि वर आपण फार व्यवहारी माणूस आहोत असा रुबाबही मिळतो. पारावर चालतं, एस्टीत चालतं, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढेपर्यंत चालतं. गेल्या महिनाभरात हे तीन शब्द मी आपल्या घरच्या ग्रुपवर इतक्यांदा वाचलेत की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. (मानणारच, पण म्हणून ठेवलेलं बरं.) ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना घरचा संदर्भ माहीत नाही, तो पुढे येईलच.

विषय पॅलेस्टाईनचा आहे. गाझात जे झालं त्यावर आपल्या कॉलेजांतली, विद्यापीठांतली पोरं बोलली, फलक धरून उभी राहिली, एखादा माहितीपट बघून चर्चेला बसली, तर त्यांनी ते करावं का? माझं उत्तर सरळ आहे. करावं. आणि पाथर्डीसारख्या तालुक्यातून शिकायला बाहेर पडलेल्या पोरांनी तर जरूर करावं.

आता आधी आपलं बघू.

२०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयापुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची एक याचिका होती. गाझातल्या संहाराचा निषेध करायला आझाद मैदानात जमायचं होतं, पोलिसांनी परवानगी नाकारली होती. २५ जुलैला न्यायालयानं याचिका फेटाळली आणि फेटाळताना तोंडी जे ऐकवलं त्याचा मथितार्थ आपल्या ग्रुपवरच्या मेसेजसारखाच होता. आपल्या देशात प्रश्न काय कमी आहेत, कचरा आहे, प्रदूषण आहे, गटारं आहेत, पाणी तुंबतं, त्यावर बोला, देशभक्त व्हा. न्यायालयाचा पूर्ण मान राखून म्हणतो, प्रश्न एवढाच होता की शांतपणे, ठरलेल्या मैदानात लोकांना जमता येतं की नाही. कुठल्या विषयावर जमायचं हे लोकांनी ठरवायचं असतं. आणि कचऱ्यावर मोर्चा काढणाऱ्याला आजवर कुणी विचारलंय का, की बाबा रे, कचऱ्याचं ठीक आहे पण आधी दुष्काळाचं बघ? एक दुःख दुसऱ्या दुःखाच्या अंगावर घालायचं आणि दोन्हीकडे काही करायचं नाही, ही आपली जुनी युक्ती आहे.

या बातमीचं कात्रण ग्रुपवर सात वेळा आलं. पुढे काय झालं ते मात्र कुणी टाकलं नाही, म्हणून मी टाकतो. ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली आणि २० ऑगस्टला त्याच आझाद मैदानात सभा झाली. मुंबई बुडायची ती आदल्या दोन दिवसांच्या पावसानं बुडाली होती, सभेनं नाही.

बरं, आपलं म्हणजे नक्की काय हो? आपल्या तालुक्याचं बघू. पावसाच्या छायेतला प्रदेश. शहराला प्यायला पाणी येतं ते जायकवाडीहून. दिवाळी झाली की अर्धी गावं रिकामी होतात, माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात, आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर पोरं मागे राहतात. हे सगळं खरं आहे आणि ते बघायलाच हवं. पण आजवर ते बघितलं कुणी? आधी आपलं बघा म्हणणाऱ्या काकांनी? काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या वसतिगृहासाठी तुम्ही तहसीलवर गेल्याचं मला आठवत नाही.

उलट मला वेगळंच दिसतं. शेतकरी आत्महत्या का करतात हे शोधायचं काम २००५ साली उच्च न्यायालयानं मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला सांगितलं होतं. ही तीच संस्था, जिथली पोरं नको त्या विषयात नाक खुपसतात म्हणून ग्रुपवर शिव्या खातात. २०२४ साली तिथल्या एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला, मोर्चात गेला वगैरे कारणं देऊन, दोन वर्षांसाठी काढून टाकलं होतं. मोर्चा कशावर होता? देशाच्या शिक्षण धोरणावर. म्हणजे आपलंच बघत होता की! तरी काढला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कमी करून त्याला परत घ्यायला लावलं, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. गाझावर बोललं तर म्हणायचं आपलं बघा, आणि आपलं बघितलं तर म्हणायचं अभ्यास करा.

आणि एक. २०१४ ची दिवाळी आठवते ना? आपल्याच तालुक्यात जवखेडे खालसाला एका दलित कुटुंबातल्या तिघांचा खून झाला. तपास पुढे नात्यातल्याच माणसांपर्यंत गेला आणि प्रकरणाला वेगळं वळण लागलं, ते असो. पण ज्या आठवड्यात काही कळत नव्हतं, पाथर्डीत माणसं कुजबुजत होती, तेव्हा मोर्चे निघाले मुंबईत, पुण्यात. त्यात ज्यांनी आयुष्यात जवखेडं पाहिलेलं नव्हतं अशी कॉलेजची पोरं होती. त्यांनी आधी आपलं बघू म्हणत आपापल्या लोकलचा, मेसचा आणि सबमिशनचा प्रश्न हातात घेतला असता तर आपल्याला चाललं असतं का? त्याही मागे जा. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही सगळ्यांनी सुकडी खाल्ली आहे आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत. आजी सांगायची, भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. उतरत नव्हती तरी त्यावरच दिवस काढले. ती मिलो पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या गावात काय सगळं आलबेल होतं?

आता मुंबईतल्या प्रकरणाकडे येतो, कारण अमेरिकेतल्या विद्यापीठांची गोष्ट सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, पवईची फार थोड्यांना माहीत आहे.

नोव्हेंबर २०२३. आयआयटी मुंबईत नाटकाच्या अभ्यासक्रमाचा एक वर्ग. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना 'अर्नाज चिल्ड्रन' हा २००४ सालचा माहितीपट दाखवला आणि बोलायला बोलावलं सुधन्व देशपांडे यांना. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे रंगकर्मी, जेनिनच्या फ्रीडम थिएटरबरोबर काम केलेले. म्हणजे या विषयावर बोलायला याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. माहितीपट कशावर आहे? अर्ना मेर नावाच्या एका ज्यू बाईनं जेनिनच्या निर्वासित छावणीत मुलांसाठी नाटकशाळा काढली. तिच्या मुलानं, जुलियानोनं, त्या मुलांचं चित्रण केलं आणि काही वर्षांनी परत जाऊन बघितलं की ती मुलं कुठे आहेत. बरीचशी मेलेली होती. काही बंदूक हातात घेऊन, काही तिच्यासमोर. त्यात कुणाची आरती ओवाळलेली नाही. नाटक करणारं पोर बंदुकीपर्यंत कसं पोचतं हे ज्याला समजून घ्यायचं नाही त्यानं दहशतवादावर बोलूच नये असं माझं मत आहे.

तर या वर्गानंतर काही विद्यार्थ्यांनी प्राध्यापिका आणि वक्ते दोघांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. फाटकाबाहेर निदर्शनं झाली. त्याच महिन्यात अचिन वनाईक यांचं इस्रायल-पॅलेस्टाईनच्या इतिहासावरचं व्याख्यान व्हायचं होतं, ते ऐनवेळी रद्द. आणि नंतर संस्थेनं नियम काढले की बाहेरचा वक्ता बोलवायचा तर आधी छाननी, आणि कार्यक्रम राजकीय नसावा. बंगलोर, मद्रास, पवई, या संस्था देशातली सगळ्यात हुशार पोरं निवडून घेतात असं आपण म्हणतो. त्या पोरांना एक माहितीपट झेपत नाही?

(जाता जाता. सुधन्व देशपांडे हे गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. गोपुंचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हे १९७४ चं नाटक ज्यांनी पाहिलं किंवा वाचलं असेल त्यांना आठवेल, एका डाव्या विचाराच्या प्राध्यापकाची विद्यापीठाची समिती चौकशी करते, एवढीच त्याची घटना आहे. डॉ. लागूंनी तो प्राध्यापक उभा केला होता. बापानं लिहिलेलं नाटक मुलाच्या वाट्याला असं यावं! मराठी माणसानं यावर तरी जरा अस्वस्थ व्हायला हवं होतं. आपण दिवाळी अंकांची यादी करत होतो.)

मला विचाराल तर दूरच्या माणसासाठी बोलणं ही काही या पोरांनी अमेरिकेतून आणलेली फॅशन नाही. ती आपल्या घरातली चाल आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडवलं. पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांचा प्रश्न सुटला होता का तेव्हा? सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आपल्या नगरला मिस फरारांच्या शाळेत आल्या होत्या, ती बाई अमेरिकेहून कशाला आली होती? जपाननं चीनवर हल्ला केल्यावर १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर चीनला पाठवले, त्यात एक होता सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस. नुकताच मुंबईत डॉक्टरी शिकलेला पोरगा. देश पारतंत्र्यात, सोलापुरात गिरणी कामगारांची दैना, घरी पैशाची ओढ. गेला. १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारला, बत्तीस वर्षांचा. शांतारामबापूंनी त्याच्यावर सिनेमा काढला, तो बघून आपले आजोबा रडले होते. त्या आजोबांनी म्हटल्याचं ऐकिवात नाही की कोटणीसानं आधी सोलापूरचं बघायला पाहिजे होतं. आणि १९७२ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतून, चाळींतून उठलेल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं दलित पँथर, तेही अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलेलं. आणि याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला काय होतं ते आठवा. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायकापोरं, आपण १९४३ ते ४८ सांभाळले. (हे काळाच्या हिशेबानं मागे आलं, पण आठवलं ते लिहिलं.)

आणि कोलंबिया? तिथल्या पोरांनी १७ एप्रिल २०२४ ला हिरवळीवर तंबू ठोकले, ३० तारखेच्या रात्री पोलिसांनी त्यांना हॅमिल्टन हॉलमधून बाहेर काढलं. त्या इमारतीला त्यांनी हिंद हॉल असं नाव दिलं होतं. हिंद रजब ही गाझातली पाच-सहा वर्षांची पोर, जानेवारी २०२४ मध्ये नातेवाइकांच्या मृतदेहांबरोबर गाडीत अडकून फोनवर मदत मागत राहिली आणि मेली. हे आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ज्या विद्यापीठाचं नाव अभिमानानं घेतलं जातं तेच विद्यापीठ, बाबासाहेब १९१३ साली जिथे शिकायला गेले. त्याच हॅमिल्टन हॉलच्या दाराशी १९८५ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी तीन आठवडे बसले होते, दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विद्यापीठानं विकावेत म्हणून. तेव्हाही त्यांना पोरकट म्हणाले. ऑक्टोबरात विश्वस्तांनी शेअर विकायचं ठरवलं. म्हणून मला जेव्हा कुणी विचारतं की चार पोरांनी फलक धरून नेतान्याहूंना काय फरक पडणार, तेव्हा मी एवढंच म्हणतो की मंडेलांना पडला होता.

विद्यार्थ्यांनीच का, हाही प्रश्न आला होता. धाकट्या आत्याचा. आत्या, त्याचं उत्तर असं आहे. गाझात एकही विद्यापीठ धड राहिलं नाही. इस्लामिक युनिव्हर्सिटीवर युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात बाँब पडले. इस्रा विद्यापीठाची इमारत जानेवारी २०२४ मध्ये इस्रायली सैन्यानं स्फोटकं लावून जमीनदोस्त केली, त्याचं चित्रीकरण जगानं पाहिलं. रिफात अलअरीर नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक, पोरांना लिहायला शिकवायचे, ते ६ डिसेंबर २०२३ ला बहीण-भावासकट मारले गेले. आपल्या पाथर्डीचं बाबूजी आव्हाड महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा, तिथल्या सरांची नावं आठवा. विद्यार्थ्यांनी नाही बोलायचं तर कुणी, साखर कारखान्याच्या संचालकांनी?

इस्रायलबद्दल आपल्या भागात जे प्रेम आहे त्याचं कारण मला माहीत आहे. ते कारण धर्माचं नाही, निदान नव्हतं. ते पाण्याचं आहे. आपल्या प्रत्येक कृषी प्रदर्शनात, प्रत्येक पुढाऱ्याच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं. इस्रायलकडे बघा, वाळवंटात नंदनवन फुलवलं. आणि त्यात खोटं काही नाही. नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरीम किबुत्झनं १९६५ मध्ये ठिबकचा धंदा सुरू केला आणि त्याचा फायदा आपल्या डाळिंबालाही झाला, संत्र्यालाही झाला. जळगावच्या जैन इरिगेशननं २००७ साली नानदान या इस्रायली कंपनीत निम्मी भागीदारी घेतली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला होता. मीही माझ्या शेतात ठिबक बसवलंय आणि ते उपटून टाकायचा माझा विचार नाही.

पण पाण्याचीच गोष्ट निघाली तर पूर्ण करू. पश्चिम किनाऱ्याच्या भागात १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये इस्रायली लष्करानं १५८ क्रमांकाचा हुकूम काढला. तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला नवी विहीर घ्यायची, पंप बसवायचा, तर लष्कराची परवानगी पाहिजे. आपल्याकडे विहीर घ्यायला काय लागतं? पैसा लागतो, पाणाड्या लागतो, आणि नशीब. पाणी लागलं नाही तर आपण नशिबाला शिव्या देतो. जायकवाडीच्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांची दर दोन-तीन वर्षांनी भांडणं होतात, पण त्यासाठी २००५ चा कायदा आहे, कोर्ट आहे, रास्ता रोको आहे. दुसऱ्या देशाचा सुभेदार आपल्या बांधावर येऊन विहिरीचा कागद मागत नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला हे समजवायला लागू नये.

आता कडू भाग. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं जे केलं ते अत्याचार होते. सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ पळवून नेली, त्यात म्हातारे होते, तान्ही पोरं होती. हे आंदोलन करणाऱ्या काही पोरांना हे वाक्य तोंडातून काढताना जड जातं, आणि अमेरिकेतल्या काही गटांनी तर त्या दिवसाचं कौतुक केलं. मला ते किळसवाणं वाटतं. हमासच्या फलकाखाली मी उभा राहणार नाही आणि आपल्या पोरांनीही राहू नये. २००८ च्या २६ नोव्हेंबरला नरिमन हाऊसमध्ये काय झालं ते मुंबईनं पाहिलंय, छोट्या मोशेला कडेवर घेऊन बाहेर आलेली सँड्रा सॅम्युअल कुणी विसरलेलं नाही. पण म्हणून गाझातले ७०,००० हून अधिक मृत्यू, हा तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा, ऑक्टोबर २०२५ ची युद्धबंदी होईपर्यंतची उपासमार, हे सगळं फिटतं का? कसाबच्या गुन्ह्यासाठी आपण कसाबला फाशी दिली. त्याच्या गावावर बाँब टाकले नाहीत, आणि टाकायला नको होतेच.

आणि ज्यूंच्या विरोधात, असं कुणी म्हणालं तर ऐका. ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, किहीमचे, पेणचे, रेवदंड्याचे 'कर' आडनाव लावणारे बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे. इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आणि तिथे त्यांच्या वाट्याला काय आलं? १९५१-५२ साली काहींनी आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये धरणं धरलं. १९६२ पासून तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांवर अटी घातल्या, तुमचं कूळ शुद्ध आहे का ते तपासू म्हणाले. (कूळ तपासणं! मराठी माणसाला परदेशात गेल्यावरही सुटका नाही.) ते संप करून, उपाशी बसून लढले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूनं ठराव करावा लागला. इस्रायलच्या सरकारशी भांडलेली पहिली मराठी माणसं ज्यू होती. त्यांना कुणी ज्यूद्वेष्टे म्हणणार का?

हा मुसलमानांचा प्रश्न आहे, आपण कशाला, असंही एका मेसेजमध्ये होतं. गाझातल्या संत पॉर्फिरियसच्या जुन्या चर्चच्या आवारात ऑक्टोबर २०२३ मध्ये आसरा घेतलेले ख्रिस्ती लोक हल्ल्यात मेले, हे एक. दुसरं असं की हा विचार आपल्या दाराशी काय करतो ते आपण बघितलंय. मढीच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदी असा ठराव फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामसभेत झाला होता. गटविकास अधिकाऱ्यांनी तो नियमबाह्य ठरवला. ज्या कानिफनाथांना शाह रमजान म्हणून मानणारेही पिढ्यानपिढ्या गड चढत आलेत, ज्या यात्रेतला गाढवांचा बाजार सगळ्या जातींच्या पैशावर चालतो, तिथे! कुणाचं दुःख कुणाच्या खात्यावर लिहायचं हे धर्म बघून ठरवायला लागलं की ते गाझापाशी थांबत नाही, तिसगावच्या नाक्यावर येतं.

देशविरोधी वगैरे शब्दही वापरले गेले. भारतानं पॅलेस्टाईनला देश म्हणून १९८८ साली मान्यता दिली आहे आणि ती कुठल्याही सरकारनं मागे घेतलेली नाही. अटलजींनी १९७७ मध्ये भर सभेत सांगितलं होतं की अरबांची बळकावलेली जमीन इस्रायलनं सोडली पाहिजे. मोदीजी २०१८ च्या फेब्रुवारीत रामल्लाला जाऊन अराफत यांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहून आले. १२ सप्टेंबर २०२५ ला संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र पॅलेस्टाईनच्या बाजूच्या ठरावाला १४२ देशांनी मत दिलं, त्यात भारत होता. सावरकरांनी १९४७ साली ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं होतं हेही खरं, तेही सांगायला हरकत नाही. दोन्ही मतं या मातीत आहेत. एक मत देशद्रोह कधीपासून झालं?

तर, घरचा संदर्भ. आपल्या नात्यातला एक पोरगा (नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे) मुंबईत एका कॉलेजात शिकतो. त्यानं कॉलेजच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, चार मित्रांबरोबर एक पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर मेलेल्या लहान मुलांचा आकडा होता, बाकी काही नाही. घोषणा नाही, झेंडा नाही. फोटो कुणीतरी काढला, आपल्या ग्रुपवर आला. कॉलेजनं त्याला बोलावून एक हमीपत्र पुढे केलं, की यापुढे कोणत्याही राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमात भाग घेणार नाही, खाली सही विद्यार्थ्याची आणि पालकाची. आणि त्याच आठवड्यात आपल्यापैकी तिघांनी त्याच्या आईला फोन केले. पोराला आवरा. स्कॉलरशिप जाईल. एवढ्या कष्टानं शिकवलंत, कुणाच्या नादी लागला.

ज्या बाईला तुम्ही फोन केलेत तिनं आणि तिच्या सासूनं मिळून किती हंगाम कोयता चालवलाय ते तुम्हाला ठाऊक आहे. उसाच्या फडात पाचटावर निजवलेलं पोर आहे ते. त्याला आपलं बघ म्हणून सांगता? पुठ्ठ्यावरचा आकडा त्याला का टोचला असेल असं तुम्हाला वाटतं? कोपीत राहिलेल्या पोराला तंबूतली पोरं दिसली, एवढंच झालंय.

भीती खोटी नाही, मान्य. २०२५ च्या मार्चमध्ये कोलंबियातल्या एका भारतीय विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला आणि तिला रातोरात कॅनडाला जावं लागलं. आपल्या घरची दोन पोरं तिकडे आहेत, त्यांच्या आयांना झोप लागत नसेल तर मी त्यांना शहाणपण शिकवणार नाही. परदेशात, परक्या कायद्याखाली, काय बोलायचं आणि किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण मुंबई परदेश नाही. आणि ते हमीपत्र नीट वाचा. त्यात गाझाचा उल्लेखच नाही. कोणत्याही राजकीय कार्यक्रमात, असं आहे. उद्या ऊसतोड मजुरांच्या दरासाठी पाथर्डीत मोर्चा निघाला तर हा पोरगा त्यातही येऊ शकणार नाही. आईच्या मजुरीच्या मोर्चात! आधी आपलं बघा म्हणणाऱ्यांनी नेमक्या त्याच कागदावर सही करायला सांगितलंय.

पालकाची सही अजून झालेली नाही. वहिनींनी कागद माझ्याकडे पाठवलाय, वाचून सांगा म्हणाल्या. मी वाचला आणि सही करू नका असं सांगितलं. कॉलेजला लेखी विचारायला सांगितलंय, की कुठल्या नियमाखाली हे मागताय तेवढं लिहून द्या. पत्राचा मसुदा मीच करून दिलाय, नगरच्या एका वकील मित्रानं बघितलाय. ज्यांनी फोन केले त्या तिघांना विनंती, आता पुन्हा करायचाच असेल तर मला करा. रात्री नऊनंतर असतो.